अर्थ लागल्याशिवाय हात लावू नका

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझी मामेबहीण बीड जिल्ह्यातच एका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात चांगले मार्क. परवा रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, मी चुकीच्या ठिकाणी आले वाटतं. गणितं सुटतात, आकृत्या काढता येतात. पण पुस्तक उघडलं की एकेक ओळ तीन-तीनदा वाचावी लागते. पप्पा म्हणतात, जमत नसेल तर सोडून दे, बी.ए.ला नाव घालू."

मी तिला "अगं सोपं असतं, होईल सवय" असं म्हणालो नाही. कारण ते खरं नाही. मी स्वतः इलेक्ट्रिकलमध्ये बी.टेक. केलं आणि आज पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुणी विचारलं तर सांगतो की इलेक्ट्रिकलला नोकऱ्या नव्हत्या. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की चार वर्षं मी वर्गात तोंड उघडायला घाबरत होतो. विषयाची भीती नव्हती, शब्दांची होती. तेव्हा आज जे बोलतोय ते तिच्यासाठी आहे, आणि थोडं त्या वेळच्या माझ्यासाठी.

एक फ्यूज आणि एक इंग्रजी ओळ

दुसऱ्या वर्षाला डीसी मोटारचं प्रॅक्टिकल होतं. डीसी शंट मोटारचा वेग कमी-जास्त करायचा. समोर छापील मॅन्युअल. त्यात एक ओळ होती, "बिफोर क्लोजिंग द स्विच", आणि पुढं लिहिलेलं की आर्मेचरचा रिओस्टॅट जास्तीत जास्तवर ठेवा.

मी मनातल्या मनात मराठी केलं. क्लोज म्हणजे बंद. म्हणजे "स्विच बंद करण्याआधी रिओस्टॅट जास्तीत जास्तवर ठेवा." मला वाटलं, ही सूचना शेवटची आहे, मोटार बंद करतानाची. आत्ता काय करायचं? आत्ता तर चालू करायची आहे. म्हणून मी स्विच टाकला. रिओस्टॅट आधीच्या बॅचनं शून्यावर सोडलेला होता.

आता यात काय होतं बघा. मोटार फिरायला लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. तो करंटला आवर घालतो. पण उभ्या मोटारीत तो नसतो. आर्मेचरचा स्वतःचा रोध अगदी थोडा. म्हणून सुरुवातीला बाहेरून रोध लावायचा असतो. मी तो लावला नाही. खाडकन आवाज झाला आणि फ्यूज उडाला.

सरांनी विचारलं, "मॅन्युअल वाचलं नव्हतं का?" मी म्हणालो, "वाचलं होतं सर." पोरं हसली. पण मी खरंच वाचलं होतं हो! आणि ती ओळ मराठीत जशी कळते, अगदी तशीच पाळली होती.

ही गंमत नीट समजून घ्या. आपल्याकडं "बंद" म्हणजे थांबलेलं. नळ बंद, दुकान बंद, मोटार बंद, लाईट बंद. इंग्रजीत मात्र स्विच "क्लोज" केला की वीज वाहायला लागते आणि "ओपन" केला की थांबते. म्हणजे शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं तर बरोब्बर उलटा अर्थ निघतो. शाळेच्या मराठीतसुद्धा "बंद परिपथ" म्हणजे वीज वाहणारा परिपथ. तिथंही तीच अडचण.

यात आणखी भर म्हणजे वीज शिकवताना सगळे पाण्याचं उदाहरण देतात. उदाहरण चांगलंच आहे. टाकी जितकी उंच तितका दाब, ते व्होल्टेज. पायपातून वाहणारी धार, तो करंट. पाईप बारीक असेल तर अडथळा, तो रोध. पण नळ उघडला की पाणी वाहतं, आणि सर्किट उघडलं की वीज थांबते. इथं पाण्याचं उदाहरण सोडून द्यायचं.

मग काय धरायचं? पोरं हात धरून रिंगण करतात ना, तसं समजा. सगळ्यांचे हात जुळले की रिंगण पूर्ण, ते क्लोज. एकानं हात सोडला की रिंगण उघडलं, ते ओपन. सर्किट या शब्दातच गोल फिरून येणं आहे. म्हणून "क्लोज" वाचलं की "जोडलं" म्हणा, "ओपन" वाचलं की "तुटलं" म्हणा. बंद आणि उघडं हे दोन शब्द तिथं आणूच नका.

एवढं कळलं की विहिरीवरच्या स्टार्टरची दोन बटणंसुद्धा कळतात. हिरव्या बटणाचा कॉन्टॅक्ट "नॉर्मली ओपन" असतो, म्हणजे हात लावला नाही तर तुटलेला, दाबला की जुळतो. लाल बटणाचा "नॉर्मली क्लोज्ड", म्हणजे एरवी जुळलेला, दाबला की तुटतो.

प्रयोगशाळेत फ्यूज गेला, एवढ्यावर भागलं. तीच ओळ सबस्टेशनमध्ये उलटी वाचली, आणि पुढं खांबावर माणूस चढलेला असला तर? म्हणून म्हणतो, हा मार्कांचा विषय नाही.

न्यूट्रलनं दिलेला झटका

दुसरी गोष्ट गावाकडची. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. संध्याकाळी फक्त आमच्याच घरातली लाईट गेली, शेजारी चालू. आई म्हणाली, "इंजिनिअर हायस ना, बघ की." बघावंच लागलं.

बोर्ड उघडला. फेजला टेस्टर लावला, लागला. म्हणजे फेज येतोय. मग दोष न्यूट्रलमध्ये असणार, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढं मी न्यूट्रलची वायर सरळ बोटानं हलवून बघितली. कारण डोक्यात काय होतं? न्यूट्रल म्हणजे तटस्थ. शाळेच्या पुस्तकातला शब्दच तो. आणि मोटारसायकल न्यूट्रलला टाकली की ती काही करत नाही, गप उभी राहते. तशी ही वायर गप असणार.

असा झटका बसला की हात मागं फेकला गेला. दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटेना.

गल्लीतले वायरमन काका आले. आठवीपर्यंत शिकलेले. त्यांनी आधी दोन्ही वायरींना टेस्टर लावला. दोन्हीकडं लागला. म्हणाले, "अरं, न्यूट्रल खांबावरच तुटलाय. घरातला पंखा चालूच राहिलाय, त्यातून रिटर्न यायलंय. हात लावू नको."

रिटर्न! मंडळी, मी तीन वर्षं जो शब्द इंग्रजीत आणि मराठीत पाठ केला होता, त्यापेक्षा काकांचा शब्द जास्त खरा होता. न्यूट्रल ही गप बसणारी वायर नाही. फेजनं आलेला करंट बल्बातून, पंख्यातून जाऊन जिथून परत जातो ती ही वाट. जितका करंट गेला तितकाच तिच्यातून परत येतो. डीपीवर ती जमिनीला जोडलेली असते म्हणून तिचा दाब एरवी शून्याच्या आसपास राहतो, आणि म्हणून तिला न्यूट्रल म्हणतात. पण ती मध्येच तुटली तर? बटण चालू असलेल्या पंख्यातून फेजचा दाब न्यूट्रलच्या तुटक्या टोकापर्यंत येऊन थांबतो, आणि परतीची वाट शोधत असतो. ती वाट मी झालो.

आणि हीच न्यूट्रल डीपीजवळ तुटली तर अख्ख्या गल्लीची अडचण. एरवी घराला २३० व्होल्ट मिळतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास असतात. न्यूट्रल गेली की तीन फेजवरची घरं एकमेकांच्या भरवशावर राहतात. एका घरी बल्ब मिणमिणतो आणि दुसऱ्या घरी टीव्ही जळतो. "आमच्याकडं होल्टेज लई वाढलं होतं" असं आपण म्हणतो ते बऱ्याचदा हे असतं.

म्हणून सांगतो, "लाईट गेली" याचा अर्थ "वायर मेली" असा कधीच घेऊ नका. बल्ब विझला याचा अर्थ फक्त रिंगण कुठंतरी तुटलंय. मेन पाडल्याशिवाय आणि दोन्ही वायरींना टेस्टर लावून बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही. खांबावरचं काम असेल तर महावितरणचा माणूस बोलवायचा, आपण शिडी लावायची नाही.

शब्द तीन जातींचे असतात

बहिणीला मी फोनवर सांगितलं, सगळे शब्द एकाच पद्धतीनं पाठ करू नकोस. त्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात, इंग्रजांच्या घरातले साधे शब्द. करंट म्हणजे नदीचा प्रवाह. लोड म्हणजे ओझं. शॉर्ट म्हणजे आखूड, म्हणून शॉर्ट सर्किट म्हणजे विजेनं पकडलेली आडवाट; बल्बाचं ओझं टाळून फेज थेट न्यूट्रलला जाऊन मिळतो. टेन्शन म्हणजे ताण, आणि व्होल्टेजला जुना शब्द टेन्शन होता, म्हणून शेतावरून जाणारी ती हाय टेन्शन लाईन. आपल्याला त्या लाईनचं टेन्शन येतं ते वेगळं. सबस्टेशनमधला "बसबार" ऐकून मला आधी एसटी आठवायची. पण गंमत बघा, दोन्हींचं मूळ एकच, ऑम्निबस, लॅटिनमध्ये "सगळ्यांसाठी". एसटी सगळ्यांसाठी, आणि ती जाड पट्टीही सगळ्या फीडरसाठी. या जातीच्या शब्दांचा आधी घरगुती अर्थ शोधायचा. इंग्रजी माध्यमाच्या पोराला तो आयता मिळतो, आपल्याला शोधावा लागतो. फरक एवढाच आहे. तो हुशारीचा फरक नाही.

दुसरी जात, माणसांची नावं. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट, फॅरड, हेन्री. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा, हेन्री अमेरिकेचा. यांचा अर्थ शोधत बसू नका, इंग्रजालाही तो नाही. ही फक्त मापं आहेत. आपल्याकडं शेर आणि पायली होती तशी.

तिसरी जात, अर्धवट अक्षरं. डीपी, एचटी, एलटी, डीओ. डीपी जळाली हे आपल्याकडं लहान पोरगंसुद्धा सांगतं. पण डीपी म्हणजे काय विचारलं तर कुणी डबल पोल सांगतो, कुणी डिस्ट्रिब्यूशन पॉइंट. पेपरात त्याच वस्तूला रोहित्र लिहितात आणि पुस्तकात ट्रान्सफॉर्मर. एकच डबा, चार नावं. पोरगी गोंधळणार नाही तर काय?

परळीचं थर्मल

आता एक आपल्या जिल्ह्याचा शब्द. थर्मल. लहानपणी मला थर्मल हे गावाचं नाव वाटायचं. "अमका थर्मलला कामाला आहे." परळीला जाताना चिमण्या दिसायच्या, ते थर्मल. पुढं स्टार्टरच्या डबीवर "थर्मल ओव्हरलोड" वाचलं तेव्हा मला वाटलं, हे परळीत बनतं की काय!

थर्मल म्हणजे उष्णतेचं, औष्णिक. परळीला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाईन फिरतं, त्यावर जनित्र. हा एक अर्थ कळला की जिल्ह्याचा इतिहाससुद्धा कळतो. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. लोक विचारायचे, कोळसा आहे, मशीन आहे, मग वीज का नाही? उत्तर त्या एका शब्दात होतं. उष्णतेनं वाफ करायची आणि ती परत थंड करायची, दोन्हीला पाणी लागतं.

आणि स्टार्टरमधलं थर्मल? त्यातही उष्णताच. दोन धातूंची एक पट्टी असते. मोटारनं जास्त करंट ओढला की ती तापते, वाकते आणि सर्किट तोडते. त्यावर एक छोटी चकती असते, ती मोटारच्या पाटीवरच्या अँपिअरला लावायची. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटार. सारखी ट्रिप व्हायची. वडिलांनी वैतागून चकती शेवटपर्यंत फिरवली. ट्रिप व्हायची थांबली, आणि पंधरा दिवसांत वाइंडिंग जळालं. एक फेज कमी येत होता, मोटार उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढत होती, आणि ती पट्टी बिचारी तेच सांगत होती. हरभऱ्याचं एक पाणी हुकलं. चूक वडिलांची म्हणू का? डबीवरची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात. आणि ती वाचू शकणारा मुलगा हॉस्टेलवर.

दासोपंतांचा रांजण

इथं मला आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची आठवण होते. सोळाव्या शतकातला माणूस. वेदान्तातलं पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांची सगळी किचकट परिभाषा, त्यांनी मराठीत सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहून काढली, आकृत्यांसकट. तीच ती पासोडी. मला ती बघताना कायम वाटतं, हा तर सर्किट डायग्राम आहे.

त्यांच्या गीतार्णवात त्यांनी मराठीची बाजू मांडली आहे. मुद्दा असा, की संस्कृतात घट म्हटलं की झालं. पण मराठीत रांजण वेगळा, डेरा वेगळा, सुगड वेगळं. एका शब्दात ते सगळे प्रकार कसे मावणार?

आता आपल्या वायरमन काकांकडं बघा. पुस्तकात एक शब्द, फॉल्ट. काकांकडं किती? फेज गेला. डीम आली. जंपर उडाला. डीओ पडला. शॉर्ट झालं. बॉडीला करंट उतरला. रिटर्न यायलंय. प्रत्येक शब्दामागं वेगळा दोष आणि वेगळा उपाय. यातले निम्मे शब्द इंग्रजीतूनच आलेत, पण राबून राबून मराठी झालेत. ही भाषा अडाणी नाही. उलट आपल्या पोरांच्या हातात ती आधीपासून असते आणि कॉलेजात गेल्यावर ती लाजेनं टाकून देतात. मीही टाकली होती.

पण एक सांगतो, फक्त काकांच्या भाषेवरही भागत नाही. "करंट लागला", "करंट नाही", "करंट कमी आहे" असं आपण म्हणतो, त्यातल्या पहिल्यात झटका असतो, दुसऱ्यात पुरवठा आणि तिसऱ्यात व्होल्टेज. मोजायची वेळ आली की हे चालत नाही. गेल्या काही वर्षांत इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीत येऊ लागली, चांगलंच आहे. तरी मोटारची पाटी आणि मशीनचं मॅन्युअल इंग्रजीतच राहणार. म्हणून दोन्ही पाहिजे.

मग करायचं काय?

एक दोनशे पानी वही घ्या. पानावर चार रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्यात त्याचा साधा, घरातला अर्थ. तिसऱ्यात पुस्तकी मराठी. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइनही बघता येतात. चौथ्यात आपल्या गल्लीतला, रानातला शब्द. आणि खाली एक ओळ, ही वस्तू काय करते आणि चुकलं तर काय होतं.

उदाहरणार्थ न्यूट्रल. घरातला अर्थ, कुणाच्याच बाजूचा नसलेला. पुस्तकात तटस्थ. गल्लीत रिटर्न. खाली ओळ, करंटची परतीची वाट. तुटली तर झटका बसतो.

पोटेन्शियल. घरातला अर्थ, अंगात असलेली पण अजून न वापरलेली ताकद. पुस्तकात विभव. रानात त्याला शब्द नाही, पण उंचावरची भरलेली टाकी आहे. खाली ओळ, फरक असल्याशिवाय काही वाहत नाही.

ड्यूटी. हा मोटारच्या पाटीवर असतो, "ड्यूटी एस १". घरातला अर्थ काम, पाळी. इथं मात्र मोटार किती वेळ सलग चालवायची त्याची पद्धत, आणि एस १ म्हणजे सलग चालणारी.

रोज पाच शब्द. आणि महिन्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी एक पाटी वाचून दाखवा. पंख्याची, मिक्सरची, मोटारची. ३.७ किलोवॅट म्हणजेच पाच एचपी, एवढं आजोबांना समजावून सांगता आलं तर समजा तुम्हाला कळलं.

बहिणीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "दादा, पण वर्गात विचारलं तर पोरं हसतात." मी म्हणालो, हसतात. माझ्यावरही हसली. हसणाऱ्यातल्या निम्म्यांना क्लोज म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं. मी त्या दिवशी "सर, क्लोज म्हणजे चालू का?" एवढं विचारलं असतं, तर फ्यूज वाचला असता, आणि कदाचित मीही आज वेगळ्या कामावर असतो. तू विचार.

शेवटी एकच. आपल्या लिपीत जमिनीला जोडायच्या वायरला "अर्थ" लिहितात, आणि शब्दाच्या मतलबालाही अर्थच लिहितात. अर्थिंग नसलेल्या मशीनला आपण हात लावत नाही ना? मग अर्थ न लागलेल्या शब्दालाही तसंच वागवा. थांबा, विचारा, आणि मगच स्विच टाका.

तिनं वही घेतलीय. काल फोटो पाठवला, पहिल्या पानावर पहिला शब्द "क्लोज", आणि चौथ्या रकान्यात "लाईन जोडली".

तुमच्या गावात विजेसाठी, मोटारीसाठी असे कोणते शब्द वापरतात ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातले निवडक वाचून दाखवीन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि टेस्टर खिशात ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.